दुसरीतल्या मुलीला गाणं शिकवायचं, तर सुरुवात कुठून करायची?

केळीबाग
नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यातली. लेक दुसरीत आहे, सात वर्षांची. दिवसभर काही ना काही गुणगुणत असते. आजीबरोबर गुलाबाईची (आमच्याकडच्या पोरींच्या सणाची) गाणी म्हणते, ट्रॅक्टरवर बसली की बाबांच्या मोबाइलमधली म्हणते.

शाळेत गॅदरिंगसाठी तिच्या वर्गाचं समूहगान बसवताहेत. परवा घरी आली ती गप्पच. रात्री बघते तर कपाटाच्या आरशासमोर उभी राहून नुसते ओठ हलवतेय, आवाज नाही. विचारलं तर म्हणाली, "मॅडम म्हणाल्या, तुझा सूर लागत नाही, तू नुसते ओठ हलव. मी त्याचीच प्रॅक्टिस करतेय." त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता प्रश्न. सातव्या वर्षी मूल बेसूर आहे की नाही हे कळतं का? गावात पेटीचा एक क्लास आहे. तिथले सर म्हणतात, आत्ता घाला, पुढच्या सत्रात 'प्रारंभिक'चा, म्हणजे संगीताच्या पहिल्या परीक्षेचा, फॉर्म भरून टाकू. मिस्टर म्हणतात, की-बोर्ड मागवू, मोबाइलवर बघून शिकेल. मला संगीतातलं काही कळत नाही. जाणकारांनी सांगावं.

तापीकाठ
ओठ हलवायची प्रॅक्टिस! वाचून पोटात तुटलं हो ताई. सात वर्षांच्या लेकराला बेसूर कोणी म्हणू नये.

टाळकरी
मलाही चौथीत हेच सांगितलं होतं. आज ५१ वर्षांचा आहे. गावातल्या भजनी मंडळात १८ वर्षं टाळ वाजवतोय, मुक्ताईच्या दर्शनाला दिंडीत जातो. पण गजर सुरू झाला की माझे ओठच हलतात. शेजारच्याला ऐकू जाईल म्हणून आवाज गळ्यातच राहतो. ताई, काहीही करा, पण हे वेळेत मोडून काढा.

डग्गा
धुळ्यात लहान मुलांना तबला शिकवतो. सल्ला देण्याआधी एक विचारतो. गाणं कशावर बसवताहेत? पेटीवर, की मोबाइलच्या ट्रॅकवर? आणि मूळ गाणं पुरुषाचं आहे की बाईचं?

केळीबाग
@डग्गा दादा, ट्रॅकवर. मॅडम ब्लूटूथ स्पीकर लावतात. मूळ गाणं पुरुषाचं आहे. एवढं का विचारलंत?

डग्गा
कारण निम्मं उत्तर तिथेच आहे.

बहुतेक पुरुष गायकांची पट्टी, म्हणजे ज्या सुराला सा धरून गातात तो सूर, काळी एकच्या (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपास असते. एवढा खालचा सा लहान मुलांच्या गळ्यात नसतोच, म्हणून ती एक सप्तक वर जाऊन गातात. ध्रुवपदापर्यंत निभतं. अंतरा त्याहून वरच्या, तार सप्तकात गेला की आवाज पोचत नाही. मग मूल एकतर ओरडतं, नाहीतर खालच्या एका सुरावर थांबून राहतं. ऐकणाऱ्याला दोन्ही बेसूरच वाटतं. मुलांना साधारण काळी चार किंवा काळी पाच बसते. ट्रॅक तीन पट्ट्या (काळ्या-पांढऱ्या दोन्ही मोजून) खाली आणला की काळी एकची काळी पाच होते, पाच खाली आणला की काळी चार. मोबाइलवर हे मिनिटभराचं काम आहे, फुकट ॲप मिळतात.

घरी एक करून बघा. लेकीला तिचं आवडतं गाणं ती सुरू करेल त्या सुरात गाऊ द्या. तुम्ही सुरुवात करून देऊ नका, मागे काही लावू नका. एका ओळीतून दुसऱ्या ओळीत चाल जागेवर राहतेय का, तेवढंच ऐका. राहत असेल तर पोरीचा कान ठीक आहे, पट्टी चुकीची मिळाली होती.

पांढरा_कोट
बालरोगतज्ज्ञ आहे, जळगाव जिल्ह्यातच. वरच्या सगळ्याला हरकत नाही, फक्त एक भर. या वयात सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून राहतं. दुखत नाही म्हणून कळत नाही, ऐकू मात्र कमी येतं. टीव्हीचा आवाज वाढवायला सांगते का? मागून हाक मारली तर पटकन वळते का? शंका आली तर कान तपासून घ्या.

केळीबाग
ऐकू छान येतं डॉक्टर. तिसऱ्या खोलीत चॉकलेटचा कागद वाजला तरी धावत येते.

पांढरा_कोट
मग माझं काम संपलं :)

फळा_आणि_खडू
जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं नोकरी केली, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. थोडं सविस्तर लिहितो.

ताई, मॅडमचं चुकलंच. पण त्या कुठे उभ्या आहेत तेही बघा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक (अर्धवेळ शिक्षक) आहे तो सहावी ते आठवीला, आणि तोही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला कोणीच नाही. पट साठपर्यंत असेल तर शाळेला दोन शिक्षक. त्यांनीच भाषा, गणित, परिसर शिकवायचं, खिचडी बघायची, ऑनलाइन माहिती भरायची आणि गाणंही बसवायचं. अभ्यासक्रमात कला हा विषय आहे, त्यात गायन-वादनही आहे. पण बाईंना डी.एड.ला गाणं शिकवतं कोण? मी दोन वर्षांत एकदाही पेटीला हात लावला नव्हता.

तरी शाळेत गाण्याचा तास रोज असतो, आपण त्याला तास म्हणत नाही एवढंच. परिपाठात राष्ट्रगीत, २०२३ पासून राज्यगीत, मग प्रार्थना, एखादं समूहगीत. वर्षाचे दोनशेच्या वर दिवस पोरं एकत्र गातात. आता सांगा, प्रार्थनेचा पहिला सूर कोण देतं? पुढे उभ्या केलेल्या दोन मुली भेदरून जो देतील तो! आख्ख्या शाळेने त्याच्या मागे फरपटत जायचं. माझ्या शाळेत मी पंधरा वर्षं हेच चालू दिलं. मग एका गणेशोत्सवात गावातल्या पेटीवाल्या बुवांनी टोकलं, "गुरुजी, पोरं रोज उंच लावताहेत, गळे बसतील." त्यांच्याकडूनच जुनी पेटी आणली. वाजवता येत नव्हती. काळी चारवर खडूने टिंब काढलं. रोज परिपाठाला ती एकच पट्टी दाबून धरायचो, पोरं "आऽ" करून त्यात मिसळायची आणि मग प्रार्थना. बाकी काही केलं नाही. दिवाळीपर्यंत गावातले लोक कुंपणाशी थांबून ऐकायला लागले. ज्यांना मी मनात बेसूर धरून चाललो होतो त्यातल्या बहुतेकांचा सूर मिळाला. दोघांचा मिळाला नाही, तर त्यांना पाचवी सोडेपर्यंत गाऊ दिलं. त्यांचा आवाज बाकीच्यांत मुरून जायचा.

यावलची_आई
गुरुजी, तुमच्या पोस्टीला नमस्कार.

मूळ प्रश्नाकडे. मी म्हणेन क्लास लावा आणि परीक्षाही द्या. माझा मुलगा तिसरीपासून पेटी शिकतोय. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण झाली, आता मध्यमा प्रथमची तयारी आहे. परीक्षा आहे म्हणून रोज अर्धा तास बसतो. नाहीतर आपल्याकडची पोरं मोबाइल सोडून कशाला बसतात? दहावीला शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, तेही सोडू नयेत.

जुनी_पेटी
@यावलची_आई, तुमच्या मुलाचं कौतुक, पण दुसरीला परीक्षा नकोच. माझी पुतणी सातव्या वर्षी प्रारंभिकला बसवली. भूप रागाची व्याख्या तोंडपाठ: आरोह, अवरोह, वादी ग, संवादी ध, वर्ज्य म आणि नि, गाण्याची वेळ रात्रीचा पहिला प्रहर. परीक्षकांनी सगळं विचारलं, तिने धडाधड सांगितलं. पहिला वर्ग मिळाला. घरी आल्यावर आजोबा म्हणाले, "आता भूप गाऊन दाखव." तर म्हणे, "आता झाली ना परीक्षा!" पेटीवर पांघरूण पडलं ते आजतागायत.

यावलची_आई
तो दोष परीक्षेचा की शिकवणाऱ्याचा? गणितातही पोरं पाढे रट्टा मारतात, म्हणून गणिताची परीक्षा बंद करायची का?

जुनी_पेटी
गणित न शिकता जगता येत नाही, म्हणून पोर ते सोडू शकत नाही. गाणं सोडू शकतं, आणि सोडतं. माझा मुद्दा वयाचा आहे. पाचवी-सहावीत बसवा, मग मी तुमच्या बाजूने.

संगमेश्वरी_तंबोरा
परीक्षांना नावं ठेवताना थोडा इतिहासही आठवावा. विष्णू दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तोवर गाणं शिकायचं तर गुरूच्या घरी वर्षानुवर्षं राहावं लागे, आणि तेही गुरूच्या मर्जीवर. अभ्यासक्रम, स्वरलिपीची पुस्तकं, वर्गात बसून शिकणं यामुळे गाणं सामान्य घरात आलं, बायका-मुलींपर्यंत आलं. १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं, आणि आज तालुक्याच्या गावी बसून लेकरू जी परीक्षा देतं ती त्या मंडळाची. ही सोय सोपी नव्हती.

माझी तक्रार आहे ती पेटीबद्दल. पेटीचे सूर ठोकून बसवलेले, आपल्या श्रुती (सुरांमधले बारीक फरक) त्यात नाहीत. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती, ती उगाच नाही. मुलाला तंबोऱ्यावर बसवा.

जुनी_पेटी
आणि १९७१ ला उठवली, तीही उगाच नाही! खडूचं टिंब काढलेल्या पेटीने गुरुजींची आख्खी शाळा सुरात आणली की.

तापीकाठ
पेटी-तंबोऱ्याची कुस्ती दुसऱ्या धाग्यावर घ्या राव, लेकराचं बोला. केळीबागताई, क्लासच्या सरांना विचारून बघा, फी म्हणून केळीचा घड चालतो का :)

केळीबाग
भाव मिळाला तर दोन घड देते!

सातपुडा_पायथा
धडगाव भागात आश्रमशाळेत शिकवतो. मी मूळचा सपाटीवरचा, इथे आलो तेव्हा पेटी घेऊन आलो होतो. पहिलीच्या पोरांना सा रे ग म शिकवायला बसलो. पोरं बघत बसायची, तोंड उघडायची नाहीत. मला वाटलं, यांना गाण्याची आवड नाही.

मग होळी आली. काठी गावच्या होळीला गेलो. रात्रभर मोठाले ढोल, कमरेला घुंगरं नि भोपळे बांधलेली माणसं, आणि त्यांच्या मधोमध माझ्याच वर्गातली सात-आठ वर्षांची पोरं. मोठ्यांच्या पायात पाय मिसळून रात्रभर नाचत होती आणि एकाचाही ठेका चुकत नव्हता. मी टाळी धरायला गेलो, तर चौथ्या फेरीला माझीच चुकली.

परत आल्यावर पेटी बाजूला ठेवली. पोरांनाच म्हटलं, तुम्ही शिकवा. एकाने डबा घेतला, एकाने बाकावर हात मारला, मुलींनी त्यांची गाणी सुरू केली. एकाचे आजोबा डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी वाजवतात, त्यांना शाळेत बोलावलं. दुधी भोपळा नि बांबूच्या नळ्यांचं वाद्य, श्वास न तोडता वाजवायचं. आजोबा गाल फुगवून वाजवत होते आणि पहिलीची पोरं त्यांच्या गालांना बोट लावून बघत होती, वारा कुठे जातो म्हणून. त्यांना जे आधीपासून येत होतं त्याला मी शाळेत जागा दिली, मग तीच पोरं सा रे ग म म्हणायला लागली. आता म्हणतात, आणि मोठ्याने म्हणतात.

अहिराणी_बोल
मन्ही माय जातावर दयतांना गाये, तिले कोन्ही पट्टी ईचारी नही. पोरले गावू द्या ताई.

आसोद्याची_लेक
@अहिराणी_बोल, अगदी. आमच्या आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात जे सुचलं ते गायल्या, सोपानदेवांनी लिहून घेतलं म्हणून आपल्यापर्यंत पोचलं.

मला गुलाबाईबद्दल लिहायचंय, कारण ताईंनी पहिल्याच पोस्टीत लिहिलं की लेक आजीबरोबर ती गाणी म्हणते. त्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

आम्ही लहानपणी भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी टिपऱ्या घेऊन दहा-दहा घरं फिरायचो. आता बालवाडीत शिकवते तेव्हा कळतं की तो गाण्याचा पक्का वर्गच होता. चाल चार-पाच सुरांत फिरते, कोणाच्याही गळ्याला झेपते. ओळ तीच, दर वेळी एक शब्द बदलतो: सासू जाते, सासरा येतो, नणंद जाते, दीर येतो. म्हणजे पाठ करायला एकच शब्द, बाकी सगळं अंगात मुरतं. टिपरीने ठेका हातात येतो. मोठी पोरगी ओळ सांगते, लहान्या मागे म्हणतात. जिला अजून येत नाही ती शेवटचा शब्द तेवढा धरते. कोणी कोणाला "तू नुसते ओठ हलव" म्हणत नाही. आणि शेवटी खाऊ ओळखायचा, डबा कानाशी धरून हलवायचा, आत शेव आहे की लाडू ते आवाजावरून ताडायचं. तोही कानाचाच अभ्यास!

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरची गाणी घ्या. झोका पुढे जातो तेवढी ओळ लांबते, मागे येतो तेव्हा श्वास घ्यायचा. श्वास कुठे घ्यायचा हे वेगळं शिकवावं लागत नाही.

भुसावळ_ते_बुडापेस्ट
@आसोद्याची_लेक ताई, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. नोकरीनिमित्त हंगेरीत आहे, मुलगी इथल्या शाळेत पहिलीला गेली. इथे झोल्तान कोदाय नावाचे संगीतकार होऊन गेले (१८८२ ते १९६७). त्यांचं म्हणणं: वाद्याआधी गळा, आणि गळ्यात आधी आपल्या मातृभाषेतली लोकगीतं. सुरुवात दोन सुरांनी करतात, वरून खाली येणाऱ्या. पोरं एकमेकांना लांबून हाक मारतात ना, "ए सोऽनूऽ", ते दोन सूर. एकेका सुराला हाताची खूण असते. माझी मुलगी पोळी खाताना डाव्या हाताने खुणा करत गाते.

आणि जर्मनीचे कार्ल ऑर्फ. त्यांच्या पद्धतीत मुलांना लाकडी पट्ट्यांची वाद्यं देतात, त्यातल्या पट्ट्या काढता येतात. सुरुवातीला म आणि नि च्या पट्ट्या काढूनच टाकतात. उरतात सा रे ग प ध, म्हणजे आपल्या भूपाचेच सूर! त्यात कुठलाही सूर कशाहीबरोबर वाजला तरी कानाला खटकत नाही, म्हणून मुलाला चूक होण्याची भीती नाही. @जुनी_पेटी, तुमच्या पुतणीला भूपाची व्याख्या दिली, इथे पोरांना भूपाचे सूर आधी खेळायला देतात. फरक एवढाच.

जुनी_पेटी
हे आवडलं. पेटीच्या म आणि नि वर कागद चिकटवून नातवाला बसवून बघतो.

यावलची_आई
मी परीक्षेच्या मतावर ठाम आहे. पण गुलाबाईचं पटलं. माझ्या मुलाला लिहिलेलं सगळं वाजवता येतं. परवा गणपतीत आरतीला साथ कर म्हटलं तर म्हणाला, नोटेशन कुठंय? तेव्हा वाईट वाटलं होतं, इथे लिहिलं नव्हतं.

डग्गा
लिहिलंत ते बरं केलंत ताई. त्याला आठवड्यातून एकदा भजनात नेऊन बसवा, काही न सांगता. तीन महिन्यांत हात सुटेल.

केळीबागताईंसाठी आणखी एक. ठेका शिकवायला तबला लागत नाही. दादरा ताल घ्या, सहा मात्रा, म्हणजे सहा ठोके: धा धी ना, धा ती ना. पहिल्या मात्रेला टाळी, चौथीला खाली. चालता चालता म्हणा, भांडी घासताना म्हणा. की-बोर्ड मात्र आत्ता घेऊ नका. त्यात बटण दाबलं की ठेका आपोआप सुरू होतो, मग मूल ठेका धरतच नाही.

केळीबाग
महिना झाला, उशिराबद्दल माफ करा. कापणी चालू होती.

डग्गादादांनी सांगितलं तसं केलं. लेकीला म्हटलं, तुझ्या मनाने सुरू कर. तिने गुलाबाईचं लावलं, सासूबाई चुलीशी होत्या, त्यांनी तिथूनच मागे म्हणायला सुरुवात केली. सहा कडवी झाली, चाल हलली नाही. मला संगीत कळत नाही, पण तेवढं कळलं.

मग मॅडमना भेटले. भांडायला नाही गेले. सासूबाईंनी तिळाची चटणी दिली होती, तीच घेऊन गेले आणि पट्टीचं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं. म्हणाल्या, "मला गाण्यातलं काही येत नाही हो, मुख्याध्यापक म्हणाले बसवा म्हणून बसवतेय. तिचा आवाज वेगळा येत होता, काय करावं कळेना." त्यांच्यासमोरच ट्रॅक तीन पट्ट्या खाली घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. लेकीचंच नाही, वर्गातल्या आणखी पाच-सहा पोरांचं ओरडणं थांबलं म्हणे. फळा आणि खडू गुरुजींचं खडूचं टिंबही सांगितलं. शाळेत पेटी नाही, त्या मोबाइलवर काळी चारचा सूर लावून परिपाठ सुरू करतात आता.

क्लास लावलाय, आठवड्यातून दोन दिवस. सरांना सांगितलं, परीक्षेचं पाचवीत बघू. सर थोडे नाराज झाले, पण तयार झाले. की-बोर्ड रद्द. टाळकरी दादा, लेकीने तुमच्यासाठी निरोप दिलाय, तुमची पोस्ट मी तिला वाचून दाखवली होती. म्हणाली, "काकांना सांग, आधी आमच्या घरी येऊन म्हणा, इथे आजी पण चुकते."

टाळकरी
येतो बेटा. दिंडीच्या वाटेवरच आहे रावेर.

केळीबाग
नक्की या दादा.

डग्गादादा, एक शंका. दादरा म्हणताना ती चौथ्या मात्रेला टाळी वाजवत नाही, तळहात उलटा करून हवेत ठेवते. मी सांगितलं नव्हतं, सरांनीही अजून ताल घेतलेला नाही. चूक असेल तर आत्ताच सुधारते.

डग्गा
सुधारू नका. खाली अशीच दाखवतात.